लेफ्ट बॅकचा बाप

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांना नियमांचं एक जाडजूड बाड आहे. त्यात असं आहे की पहिल्या डिव्हिजनच्या सॉकर कोचने मुलीची दहावी संपून १५ जून उजाडेपर्यंत तिला रिक्रूटिंगसाठी फोन, मेल, मेसेज यातलं काहीही करायचं नाही. तिच्या आईबापांशीही त्या विषयावर बोलायचं नाही. बापाने कोचला मेल पाठवायचा नाही असं मात्र कुठंच लिहिलेलं नाही. मी शोधलं. माझी पुढची सगळी कर्तबगारी या फटीतून आत शिरली.

मी मूळचा कोल्हापूरचा. त्यामुळे फुटबॉलमधलं आपल्याला कळतं हे गृहीतच. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की शाहू स्टेडियमवर जागा धरायला भर उन्हात जाऊन बसणाऱ्यांपैकी मी. पायाने खेळलेला माझा फुटबॉल शाळेच्या मधल्या सुट्टीपुरता. बाकी सगळा मी गॅलरीत बसून घशाने खेळलो. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आमचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा न्यू जर्सीतल्या ऑफिसात मी असा काही मिरवलो की जणू पोराला पहिली किक मारायला मीच शिकवली. त्याच सुमारास आमची लेक इथल्या गावच्या टीममधून क्लबमध्ये गेली, आणि घरात एक कोल्हापूरकर असल्यावर पुढचं सगळं आपोआप होईल, अशी माझी खात्री झाली.

लेक लेफ्ट बॅक. ज्यांची मुलं गोल करतात त्यांना यातलं दुःख समजणार नाही. गोल करणारीच्या बापाने नुसतं मैदानाशेजारी उभं राहायचं, लोक आपण होऊन येऊन हात मिळवतात. लेफ्ट बॅकने सगळं चोख केलं तर काहीच घडत नाही. समोरची विंगर उगवत नाही, क्रॉस येत नाही, गोल होत नाही. न घडलेल्या गोष्टीबद्दल बापाने चारचौघांत विषय कसा काढायचा?

मी काढायचो.

बायकोला मात्र वेगळ्याच मुद्द्यावर पटवावं लागलं. ती हिशेबाची पक्की. क्लबची फी, दर शनिवार-रविवार कुठल्या तरी राज्यातलं हॉटेल, पेट्रोल, टोल, दर सहा महिन्यांनी लहान होणारे बूट, हे सगळं ती एका वहीत लिहायची. मी म्हणालो, "अगं, ही गुंतवणूक आहे. उद्या स्कॉलरशिपवर फुकट शिकेल." ती म्हणाली, "किती जणींना मिळते?" मी म्हणालो, "टीमच्या टीम असते की." मग तिनेच वाचून काढलं. पहिल्या डिव्हिजनच्या मुलींच्या टीमला तेव्हा जास्तीत जास्त १४ स्कॉलरशिपांएवढे पैसे वाटता येत, आणि कोच ते पंचवीस-तीस जणींत तुकडे करून वाटत. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसत्या पुस्तकांपुरती. मुलांच्या टीमला ९.९. त्या शेवटच्या पॉइंट नऊमधलं एखादं पॉइंट एक कुणाच्या वाट्याला येत असेल, आणि तो घरी जाऊन काय सांगत असेल, यावर मी बराच वेळ विचार करत बसलो. बायकोने वही मिटली आणि विचारलं, "आणि आयव्ही लीग?" आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच. तिसऱ्या डिव्हिजनमध्येही नाही. "मग डी-थ्रीचं नाव या घरात काढायचं नाही," असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं.

मी सुरुवात केली ती थेट नॉर्थ कॅरोलायनापासून. माझा हिशेब असा: मुलींच्या कॉलेज सॉकरचं सगळ्यात मोठं घराणं तेच. अ‍ॅन्सन डॉरन्स नावाच्या कोचने तिथे २२ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, मिया हॅम तिथलीच. हेदर ओरायली आमच्या शेजारच्या ईस्ट ब्रन्सविकची, टोबिन हीथ बास्किंग रिजची, दोघीही तिथेच गेल्या. म्हणजे न्यू जर्सीचं पाणी त्यांना चालतं. लेक म्हणाली, "बाबा, त्या दोघी वर्ल्ड कप जिंकल्यात." मी म्हणालो, "कॉलेजात गेल्या तेव्हा जिंकल्या नव्हत्या ना?" या युक्तिवादाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. निदान तिने दिलं नाही.

मेल खेळाडूने स्वतः लिहायचा असतो. कोचांना बापांची पत्रं आवडत नाहीत हे मी वाचलं होतं. म्हणून मी लेकीच्या नावाने नवा ईमेल उघडला आणि तिच्या वतीने लिहिलं. 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात, 'विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट' अशी प्रस्तावना, आणि शेवटी 'आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड'. तोच मेल थोडाफार बदलून इतर कॉलेजांनाही गेला. लेकीने त्यातला एक पाठवून झाल्यावर वाचला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "बाबा, ही कोच बाई आहे."

तरीही उत्तरं आली! उत्तरं म्हणजे निमंत्रणं. अमुक विद्यापीठाचा आयडी कॅम्प, तारीख ही, तुमच्या मुलीला यायला आवडेल का, आमच्या कोचिंग स्टाफला तिला बघायला आवडेल. खाली विद्यापीठाचं बोधचिन्ह, कोचच्या सहीचं चित्र. त्या आठवड्यात मंडळाचा गणपती होता. मी एडिसनच्या दुकानातून पेढे आणले आणि आरतीनंतर वाटले. कुणी विचारलं, कसले? मी म्हणालो, "अजून नक्की नाही, पण डिव्हिजन वनमधून विचारणा आलीय." तेव्हा एक बाई पेढा खाता खाता म्हणाल्या, "अय्या, तो कॅम्प ना? आमच्या हिलाही आलंय." त्यांची मुलगी सॉकर सोडून केव्हाच चेलो वाजवायला लागली होती. घरी येऊन मी मेलच्या तळाशी असलेली बारीक अक्षरातली ओळ चष्मा लावून वाचली. कॅम्प सर्वांसाठी खुला आहे, मर्यादा फक्त संख्या, वय, इयत्ता आणि लिंग यांची. ही ओळ ते हौसेने घालत नाहीत, नियमानेच कॅम्प खुला ठेवावा लागतो. फी सगळ्यांना सारखी.

कॅम्पला गेलो मात्र. पेढे वाटल्यावर काय करणार?

मग आला २०२४ चा जून. दहावी संपली. १४ तारखेच्या शुक्रवारी रात्री आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती जागे बसलो, कारण पुष्कळ कोच त्या रात्री बाराच्या ठोक्याला मेसेज पाठवतात, हे मला इतर बापांनी सांगितलं होतं. लेकीचा फोन चार्जरला लावून टेबलाच्या मधोमध ठेवला. मी त्याखाली रुमालही घातला, थरथरून खाली पडायला नको. तिची मैत्रीण, टीमची सेंटर फॉरवर्ड, पलीकडच्या गल्लीत अशीच बसली होती आणि दोघींचं दुसऱ्या फोनवर बोलणं चालू होतं. बाराला दोन मिनिटं कमी असताना बायकोने कॉफी आणली. बरोबर बारा वाजले आणि फोन थरथरला. मी ओरडलोच, "आला!" लेकीने पडदा माझ्याकडे फिरवला. शेंदरी मारुती, भोवती झेंडूची फुलं, खाली 'शुभ शनिवार'. कोल्हापुरात सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि मामा आंघोळ करून बसले होते. मारुतीच्या पाठोपाठ मावशीने हात जोडले, तिच्या पाठोपाठ दोन्ही काकांनी. फोन पाचेक मिनिटं थरथरत राहिला. सगळे आमचेच.

सेंटर फॉरवर्डच्या फोनवर तोवर खरेखुरे कोच आले होते. आमच्या लेकीने तिचं मनापासून अभिनंदन केलं, कॉफी प्यायली आणि झोपायला गेली. मी बसलो. कारण सगळे कोच काही पूर्वेकडेच नसतात, कॅलिफोर्नियात अजून नऊच वाजले होते. रात्री तीन वाजता कॅलिफोर्नियातही १५ जून लागला. फोन शांत. मग मी हवाईचा हिशेब करायला लागलो, तेव्हा बायकोने उठून दिवा घालवला.

मला वाटलं, व्हिडिओत कमी पडतोय. हायलाइट व्हिडिओ कसा असावा याचे संकेत ठरलेले आहेत: तीन ते पाच मिनिटं, सगळ्यात चांगलं आधी, आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला क्षणभर चित्र थांबवून आपल्या खेळाडूभोवती गोल काढायचा, म्हणजे बावीस जणींत कोणीकडे बघायचं ते कोचला कळतं. कोच पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवतात पुढे बघायचं की नाही. माझ्या व्हिडिओत पहिलं अर्धं मिनिट गणपती, लेकीचा शाळेतला फोटो आणि आजी-आजोबांचे आभार यातच गेलं. पार्श्वसंगीत हलगीचं. गोल मात्र मी फार निगुतीने काढले, लाल रंगाचे. लेकीने बघितलं आणि एका ठिकाणी थांबवलं. "बाबा, ही मी नाही." लांब काळी वेणी, तसाच निळा शर्ट, तेवढीच उंची. मी म्हणालो, "मग तू कुठायस?" तिने मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. गोल केलेली मुलगी सुरेख टॅकल करत होती आणि आमची मुलगी बाकावर बसून पाण्याची बाटली उघडत होती.

यानंतर शहाण्या माणसाने हात आखडता घेतला असता. मी एक्सेल उघडलं.

माझं अख्खं आयुष्य डेटाबेसात गेलंय. त्यामुळे एकेक मेल लिहिणं हे अडाण्याचं काम, हे मला उमगायला खरं तर इतका वेळ लागायलाच नको होता. मुलींच्या सॉकरची एकट्या डिव्हिजन वनमध्ये तीनशेहून अधिक कॉलेजं आहेत. मी तक्ता केला: कोचचं आडनाव, ईमेल, कॉलेज. मेल ठोकळेबाज वाटू नये, त्या कॉलेजबद्दल काहीतरी खास लिहावं, असा सल्ला सगळेच देतात. म्हणून उजवीकडे शेवटचा रकाना केला, 'मला हेच कॉलेज का आवडतं'. त्यावर मी कितीतरी रात्री घालवल्या. रटगर्ससाठी तर मी जीव ओतला होता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात जो सामना झाला तो अमेरिकेतला कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना मानतात. एकेका बाजूला २५ माणसं, आणि चेंडू हातात घेऊन पळायची मुभा नाही, म्हणजे आजच्या अमेरिकन फुटबॉलपेक्षा तो सॉकरच्याच जवळचा. रटगर्स ६-४ ने जिंकलं. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ही गोष्ट सांगतो. पाहुणे परत येत नाहीत असं बायको म्हणते, पण ते वेगळ्या कारणाने असेल.

तर तो शेवटचा रकाना उठून दिसावा म्हणून मी त्याच्या आधी एक रिकामा रकाना सोडला होता. शोभेसाठी. आणि पाठवण्याआधी, शेवटच्या क्षणी, यादी कोचच्या आडनावाप्रमाणे लावून घ्यावी असं मला वाटलं. मध्ये अख्खा रकाना रिकामा दिसला की एक्सेल तिथे आपली हद्द संपली असं समजतं. त्याने डावीकडचं सगळं इमानेइतबारे ए पासून झेडपर्यंत लावलं. उजवीकडच्याला हात लावला नाही. विचारलंही नाही. मी बटण दाबलं.

फ्लोरिडातल्या एका कोचला कळलं की त्यांच्या मैदानावर १८६९ साली अमेरिकेतला पहिला कॉलेज सामना झाला, आणि त्या मातीत पाय ठेवणं हे आमच्या मुलीचं स्वप्न आहे. ओहायोतल्या कोचला कळलं की सरावानंतर समुद्रात डुंबता येईल म्हणून ती त्यांच्याकडे यायला उत्सुक आहे. एका कॅथलिक कॉलेजच्या बाईंना तिने मॉर्मन परंपरेबद्दल आदर कळवला होता.

गंमत अशी की या वेळी उत्तरं आली. तारीख उलटून गेली होती, कोचांना आता बोलायची मोकळीक होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बोलण्यासारखं काही मिळालं होतं. बहुतेकांनी दोन ओळींत शुभेच्छा दिल्या. ओहायोच्या कोचने लिहिलं, आमच्याकडे समुद्र आणायचा प्रयत्न चालू आहे, सापडला की कळवतो. लेकीच्या नावाने पाठवलेला मेल, तेव्हा उत्तरंही लेकीलाच. लेक ती एकामागून एक मोठ्याने वाचत होती आणि मी स्वयंपाकघरात भांडी लावत होतो. सगळी वाचून झाल्यावर तिने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, पासवर्ड."

मी दिला.

त्यानंतर मला मैदानाच्या कडेला फक्त उभं राहायची परवानगी होती, आणि तीही उजव्या बाजूला. कारण शो-केस स्पर्धेत कोच घडीच्या खुर्च्या टाकून वही घेऊन बसतात, आणि पोरींबरोबर त्यांच्या आईबापांवरही डोळा ठेवतात. इथले आईबाप 'अनलकी!' 'गुड आयडिया!' असं ओरडतात. माझ्या तोंडून ऐनवेळी 'हाण!' निघतं. एकदा मात्र राहवलं नाही. थंडी बोचत होती, विद्यापीठाची टोपी घातलेला एक कोच एकटाच कुडकुडत बसला होता, आणि तो नेमका बघत होता उजव्या बाजूला. मी थर्मासमधला चहा कागदी पेल्यात ओतून त्याच्या हातात दिला आणि मानेनेच डावीकडे खूण केली. तो हसला, थँक यू म्हणाला, एक घोट घेतला, मग खुर्ची घडी करून पलीकडच्या मैदानावर निघून गेला. आलं जास्त झालं असावं, असं मी घरी सांगितलं.

पासवर्ड बदलल्यावर तिने काय केलं हे मला तुकड्यातुकड्यांत कळत गेलं. मेल पाचसहा ओळींचे. मी लेफ्ट बॅक, शर्टाचा नंबर हा, या शनिवारी या मैदानावर इतक्या वाजता आहे, व्हिडिओ सोबत. व्हिडिओत गणपती नाही आणि सगळे गोल तिच्याच भोवती. आणि यादीत बहुतेक कॉलेजं तिसऱ्या डिव्हिजनची. मी हादरलो. ती म्हणाली, तिला बायोलॉजीची लॅब हवीय, दुपारची लॅब आणि सराव एकमेकांवर आले तर कोचने लॅबला जा म्हणायला हवं. शिवाय डिव्हिजन वनमध्ये भलताच गोंधळ चालू होता. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने कॉलेज खेळांतल्या पैशांबद्दलची मोठी तडजोड मंजूर केली. स्कॉलरशिपांवरची मर्यादा गेली आणि ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना त्याजागी टीमच्या संख्येवर मर्यादा आली, सॉकरला २८. मी म्हणालो, "म्हणजे अठ्ठावीसही जणींना पूर्ण देता येईल!" बायको म्हणाली, "देता येईल. द्यावीच लागेल असं कुठे म्हटलंय?" वर ट्रान्सफर पोर्टलमधून दुसऱ्या कॉलेजातल्या वीस वर्षांच्या तयार लेफ्ट बॅक मिळत असताना आमची सतरा वर्षांची कोण बघणार? डी-थ्रीत मात्र मुलींच्या सॉकरची चारशेहून अधिक कॉलेजं आहेत, आणि तिथे खेळावर पैसे मिळत नसल्याने जिला खरंच खेळायचं असतं तीच खेळते. हे लेकीचं म्हणणं. मी फक्त 'या घरात' वगैरे जे बोललो होतो ते कुणाच्या लक्षात नसावं अशी प्रार्थना करत होतो.

पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजच्या कोचचा फोन आला तेव्हा लेक तिच्या खोलीत होती आणि मी बाहेर, जिन्यावर, काही कामानिमित्त. काम नव्हतं. कोच बाईंचा आवाज स्पीकरवर खणखणीत येत होता. डाव्या बाजूला एकटी पडतेस तेव्हा काय करतेस, सेंटर बॅकशी किती बोलतेस, लॅबचं काय. लेक शांतपणे एकेक सांगत होती. मला त्यातलं निम्मं माहीतच नव्हतं. मग बाईंनी विचारलं, एखादी गोष्ट साफ फसली आणि तुला निस्तरावी लागली, असं कधी झालंय?

खोलीत क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग लेकीने विचारलं, "तुम्हाला एक्सेल येतं?"

तिने सगळं सांगितलं. रिकामा रकाना, १८६९, ओहायोचा समुद्र. 'रिस्पेक्टेड सर'सुद्धा. मी जिन्यात बसल्या जागी आकसत होतो आणि आतून त्या बाईंचा हसण्याचा आवाज येत होता, थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, मग सगळ्यांना उलट उत्तर कोणी दिलं? लेक म्हणाली, "मी. प्रत्येकाला वेगळं. सॉरी म्हणून, आणि ओहायोला समुद्र सापडला तर मलाही कळवा म्हणून." हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. शेवटी बाई म्हणाल्या, कॅम्पस बघायला ये, रात्री टीमबरोबर राहा. आणि तुझे बाबा मॅचला येणार असतील तर कुठल्या बाजूला उभे राहतात? लेक म्हणाली, "उजव्या. पण हाफ टाइमनंतर ते विसरतात."

ती तिथे कमिट झाली. मी मंडळात पेढे वाटायला निघालो होतो, तर आधी प्रवेशाचं पत्र येऊ दे, असं घरातून सांगण्यात आलं. ते आलं, पेढेही झाले. खेळाची स्कॉलरशिप शून्य. जे काही मिळेल ते मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर. त्यासाठी फाफ्सा नावाचा सरकारी फॉर्म भरावा लागतो आणि कॉलेजचा स्वतःचा आणखी एक. तेवढं तरी आपण करावं म्हणून मी चष्मा पुसून टेबलाशी बसलो. बायकोने वही उघडली, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "नको. यात रकाने आहेत."